चिकटलेले टॅपेट कव्हर

डिझेल इंजिनाच्या हेडवर सगळ्यात वर जे झाकण बसते ते टॅपेट कव्हर. कुठे ते दाबून आकार दिलेल्या पत्र्याचे असते, कुठे ओतीव ॲल्युमिनियमचे. त्याच्याखाली रॉकर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पुशरॉडची वरची टोके मिनिटाला शेकडो वेळा हलत असतात. रॉकरच्या दांड्यातून आलेले तेल या सगळ्यांवर उडते आणि हेडमधल्या भोकांवाटे पुन्हा खालच्या चेंबरमध्ये उतरते. हे तेल बाहेर सांडू नये आणि बाहेरची माती आत शिरू नये, एवढेच झाकणाचे काम. झाकण आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, असते. हेड गॅस्केटला ज्वलनाचा प्रचंड दाब सोसावा लागतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर तसा दाब जवळजवळ नसतोच. त्याला उडणारे आणि ओघळणारे तेल तेवढे अडवायचे असते. त्यामुळे हा जोड तेल धरतो तो दोन्ही कडांच्या सपाटपणावर आणि सगळीकडे सारख्या पडलेल्या हलक्या दाबावर. चिकटलेले झाकण काढताना कडेवर एक जरी खोल ओरखडा पडला तरी नवे पॅकिंग टाकूनही गळती राहते, आणि गॅरेजमध्ये परत आलेल्या बऱ्याच गळत्यांचे मूळ अशा ओरखड्यातच सापडते.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले हट्टा हे गाव हळद, ऊस, सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यात येते. इथल्या ट्रॅक्टरला वर्षभर फारशी उसंत नसते. पेरणीआधी नांगरट आणि रोटाव्हेटर, सोयाबीन निघाले की मळणी यंत्र, हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, फेब्रुवारीपासून पुढे हळदीची काढणी, शिजवणी आणि वाहतूक. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास चालतो. भुसा रेडिएटरच्या जाळीवर साचतो आणि इंजिन तापलेले राहते. त्यात मराठवाड्यातला उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. या उष्णतेने कॉर्कचे पॅकिंग वाळून आक्रसते, रबराचे कडक होऊन तडकते. तेल पाझरू लागले की त्यावर काळ्या मातीचा फुफाटा बसतो आणि बोटभर जाडीचा चिकट थर तयार होतो. गळती नेमकी कुठून आहे ते हा थर लपवतो, आणि बोल्टांची डोकीही बुजवतो. झाकण निघत नाही म्हणून तासभर धडपड चालते आणि शेवटी चिखलाखाली एक न काढलेला बोल्ट सापडतो, असे या कामात वारंवार घडते.

व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसवण्याची रचना मोटारींत रुजली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतील ब्युइकच्या 1904 च्या गाडीत ती होती. त्या काळच्या अनेक इंजिनांचे रॉकर उघडेच असत आणि चालकाला ते हाताने तेलकट ठेवावे लागत. बंद झाकण नंतर सर्वत्र आले. महाराष्ट्राच्या खेड्यांत ते पोहोचले मुख्यतः पाण्याच्या इंजिनाबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तिचे एव्ही-1 हे एका सिलिंडरचे उभे इंजिन 80 मिलिमीटर बोअरचे, 110 मिलिमीटर स्ट्रोकचे, मिनिटाला 1500 फेऱ्यांवर 5 अश्वशक्ती देणारे. विहिरीवर वीज नव्हती तेव्हा अशा इंजिनांनी पाणी उपसले. त्यांचे झाकण लहान, दोनच व्हॉल्व्ह झाकणारे, आणि ते उघडायला मोठ्या गॅरेजची गरज नव्हती. ट्रॅक्टर आला तसे हे झाकण लांब झाले. महिंद्राने भारतात ट्रॅक्टर बनवण्यासाठी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 मध्ये भागीदारी केली. चार सिलिंडरांवरचे लांब झाकण हेडवर सपाट बसवणे हे एका सिलिंडरच्या टोपीपेक्षा अवघड काम आहे. कडा जितकी लांब तितकी ती वाकण्याची शक्यता जास्त.

झाकणाला हात लावण्याआधी गळती त्याचीच आहे याची खात्री करावी. तेल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते, म्हणून खालचा भाग ओला दिसला तरी उगम वर असू शकतो. थंड इंजिन डिझेलने आणि ब्रशने धुऊन, कापडाने कोरडे करून, दहा-पंधरा मिनिटे चालवावे आणि टॉर्चच्या उजेडात कडेकडेने पाहावे. सर्वांत वरची ओली जागा शोधायची. झाकणाची कड कोरडी राहून खाली हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून तेल येत असेल तर काम वेगळे आणि मोठे आहे. इंजेक्टरच्या परतीच्या बारीक नळ्या झाकणाशेजारून जातात. त्यांतून झिरपलेले डिझेल पातळ आणि उग्र वासाचे असते, बोटांत धरले तर तेलासारखे बुळबुळीत लागत नाही. तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडत असेल तर बॉनेटखालून जळका वास आणि निळसर धूर येतो. अशी गळती पुढे ढकलू नये. मळणीच्या जागी सगळीकडे वाळला भुसा असतो आणि तेल भिजलेल्या भुशाला मॅनिफोल्डजवळ पेट घ्यायला वेळ लागत नाही.

पॅकिंग जाण्यामागचे एक कारण मात्र सर्रास दुर्लक्षिले जाते, ते म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी दिलेली असते. कित्येक इंजिनांत ती टॅपेट कव्हरवरच असते. ही नळी चिखलाने, गांधीलमाशीच्या घराने किंवा आतल्या काजळीने बुजली की वायू कोंडतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. सर्वांत दुबळी वाट टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची. अशा इंजिनात नवे पॅकिंगही एका हंगामात गळू लागते. ब्रीदर साफ असूनही इंजिन चालू असताना तेल भरायचे बूच उघडल्यावर भसाभस धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. तो दोष पॅकिंग बदलून जाणार नाही.

काम इंजिन थंड असताना करावे. ट्रॅक्टर सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. मग आधी साफसफाई, आणि ती मनापासून. झाकणाभोवतीची माती खरवडून, ब्रशने काढून, हवेने उडवून टाकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये, कारण झाकण उचलताच ती माती थेट रॉकरवर पडते आणि तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जाते. एअर क्लीनरची नळी, ब्रीदरची नळी, काही इंजिनांत डिझेलच्या नळ्या आड येतात. काढलेल्या प्रत्येक डिझेल नळीचे तोंड स्वच्छ टोपीने किंवा धुतलेल्या कापडाने बंद करावे. इंजेक्टरला मातीचा एक कणही सोसत नाही. भारतात 50 अश्वशक्तीपुढच्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यासाठी आलेल्या कॉमन रेल इंजिनांत नळ्यांमधला दाब फार मोठा असतो आणि वायरिंगही आड येते. तिथे कंपनीचे पुस्तक बघूनच हात घालावा.

बोल्ट किंवा नट काढताना रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा. गंजलेल्या, मातीने भरलेल्या सहा कोनांवर फिक्स पाना घसरतो आणि कोन गोल होतात. बोल्ट हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल आट्यांच्या तोंडाशी सोडून अर्धा तास थांबावे, मग आधी किंचित आवळून पाहावा आणि नंतर सोडावा. पुढे-मागे असे थोडे थोडे फिरवल्याने गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर निघते. पाईप घालून जोर लावण्याचा मोह टाळावा. सहा मिलिमीटरचा बोल्ट तुटायला फार ताकद लागत नाही, आणि हेडमध्ये तुटलेला तुकडा काढण्यात सगळा दिवस जातो. बोल्ट सगळे एका वेळी पूर्ण न काढता बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत म्हणजे लांब झाकण पीळ खात नाही. काढलेले बोल्ट जागेनुसार पुठ्ठ्यावर खोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी कधी कधी वेगवेगळी असते.

सगळे बोल्ट निघाले तरी झाकण जागचे हलत नाही, तेव्हा त्याला कोणी धरून ठेवले आहे ते शोधायचे. पहिला संशय न दिसलेल्या बोल्टावर घ्यावा: मागच्या बाजूला, नळीच्या क्लॅम्पखाली किंवा चिखलात. दुसरा संशय झाकणाच्या आरपार वर आलेल्या स्टडवर. स्टडवर गंज चढला की झाकण पॅकिंगला मोकळे असूनही भोकात अडकते; तिथे तेल सोडून वाट पाहावी लागते. या दोन्ही गोष्टी नाहीत अशी खात्री झाली तरच दोष चिकटण्याचा. आधीच्या दुरुस्तीत शेलॅक दोन्ही बाजूंना फासलेले असते, किंवा सिलिकॉनचा सीलंट नको तितका थापलेला असतो, किंवा जुने रबर उष्णतेने धातूलाच धरून बसलेले असते. बाहेरून मारलेला रंगही सांध्यावर कातडीसारखा ताणलेला असतो. तो रंग धारदार पात्याने सांध्याच्या रेषेत आधी कापून घ्यावा. नुसत्या तेवढ्यानेही कधी झाकण सुटते.

यानंतरचा उपाय ठोकण्याचा, पण तो बाजूने. लाकडी मोगरी किंवा रबरी हातोडी घेऊन झाकणाच्या उभ्या भिंतीवर, कोपऱ्यांजवळ, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून हलके ठोके द्यावेत. असा ठोका झाकणाला हेडवरून सरकवू पाहतो, आणि चिकटलेला थर सरकण्याच्या ताणाला लवकर हार मानतो. सरळ वर ओढण्याला तो बराच काळ टिकून राहतो. लोखंडी हातोडीच हाताशी असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. ओतीव ॲल्युमिनियम ठिसूळ असते, थेट लोखंडी घाव पडला तर झाकणाचा कान तुटतो. पत्र्याचे झाकण तुटत नाही, ते पोचते, आणि पोचलेली कड नंतर कधीच नीट बसत नाही.

ठोक्यांनी एखादा कोपरा जरा जरी उचलला तर तिथे पुट्टी लावायची पातळ, बोथट पट्टी सरकवावी आणि सांध्याच्या कडेने पुढे पुढे न्यावी. पट्टी कापण्यासाठी आहे, उचकटण्यासाठी नाही. तिच्या मागोमाग कडक लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पातळ पाचर बसवत जावी म्हणजे सुटलेला भाग परत मिटत नाही. सिलिकॉनचा थर जाड असेल तर बारीक पोलादी तार दोन्ही हातांत ताणून करवतीसारखी पुढे-मागे ओढल्यावर तो कापला जातो. इंजिन दोन-चार मिनिटे चालवून कोमट केले तर काही सीलंट आणि रबर नरम पडते; पण त्यासाठी सगळे बोल्ट परत हाताने लावून घ्यावे लागतात आणि हाताला सोसेल इतपतच ऊब हवी. गॅसची ज्योत इथे कधीही वापरू नये. आजूबाजूला डिझेलच्या नळ्या आहेत, झाकणाखाली तेलाची वाफ आहे. काही ओतीव झाकणांना कोपऱ्यात मुद्दाम पुढे काढलेले कान असतात, काहींत आटे पाडलेली रिकामी भोके असतात. त्या भोकांत बोल्ट हळूहळू आवळला की तो हेडवर टेकून झाकण स्वतःच वर उचलतो. ही सोय असेल तर तीच वापरावी.

मोठा स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी सांध्यात घालून उचकटणे ही या कामातली सर्वांत महागडी घाई आहे. झाकण सुटते, पण हेडच्या कडेवर अर्धा मिलिमीटर खोल खाच राहते. ओतीव लोखंडाच्या हेडवरची लहान खाच सपाट कानशीने आणि सीलंटच्या ठिपक्याने कशीबशी निभते. ॲल्युमिनियमच्या हेडवरच्या खाचेसाठी हेड काढून मशीनवर घासायची पाळी येऊ शकते. पॅकिंग स्वस्त असते, हेडचे काम नाही. वरून नट असणाऱ्या झाकणांत आणखी एक धोका आहे: झाकण तिरके उचलले तर आतला रॉकरचा भाग त्याच्या भिंतीला लागतो. सुटल्यावर झाकण दोन्ही हातांनी सरळ वर घ्यावे.

झाकण निघाल्याबरोबर आतली स्थिती पाहून घ्यावी. ही संधी वारंवार मिळत नाही. सगळीकडे पातळ काळे तेल असेल तर ठीक. डांबरासारखा जाड थर सांगतो की तेल वेळेवर बदललेले नाही. झाकणाच्या आत पांढुरके, सायीसारखे काही दिसले तर तेलात पाणी मिसळले आहे. थंडीत थोड्या वेळासाठी चालवलेल्या इंजिनात ते बाष्प साचून होते, पण रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासले पाहिजे.

तेल परतीची भोके आणि पुशरॉडच्या वाटा स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने झाकून मगच हेडवरचे जुने पॅकिंग खरवडावे. यासाठी प्लॅस्टिकची, लाकडाची किंवा पितळेची पट्टी चांगली. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरला लावलेली घासणी वापरू नये; त्यांतून सुटणारी खर तेलात जाऊन बेअरिंगे खाते, आणि हा दोष महिन्यांनी उघड होतो तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. जुना चिकट थर थिनरने किंवा पॅकिंग काढायच्या रसायनाने भिजवून ठेवला की सहज निघतो. शेवटी दोन्ही कडा तेल राहणार नाही अशा पुसून कोरड्या कराव्यात. कापडे मोजून ठेवावीत आणि तितकीच परत काढावीत.

झाकणाची कड सपाट आहे का हे काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून कळते. पत्र्याच्या झाकणात बोल्टांच्या भोकांभोवतीचा भाग वर्षानुवर्षे जास्त आवळल्याने खाली बसलेला असतो आणि मधली कड हेडला टेकतच नाही. लाकडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने हे खड्डे परत सपाट करता येतात. पत्र्याच्या झाकणाची गळती जुनी असेल तर निम्मा उपाय बहुधा या हातोडीतच असतो, नव्या पॅकिंगमध्ये नाही.

झाकण उघडे आहे तोवर टॅपेटचा गॅपही पाहावा. तो साधारण 0.2 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा आणि इंजिन थंड की गरम हे त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. 1-3-4-2 या क्रमाने पेटणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असताना पहिल्याचा गॅप मोजतात, दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचा, पहिल्याचे हलताना चौथ्याचा आणि तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचा. फिलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे.

पॅकिंग शक्यतो त्याच इंजिनाचे घ्यावे. तयार मिळत नसेल तेव्हा रबर मिसळलेल्या कॉर्कच्या शीटमधून कापता येते. झाकणच शीटवर ठेवून पेन्सिलने रेष काढावी. कडेवर हातोडीच्या गोल टोकाने ठोकून आकार कापण्याची पद्धत लोखंडावर चालते, ॲल्युमिनियमची कड मात्र तिने बिघडते. सायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबचे रबर इथे वापरू नये. ते तेलाने फुगते आणि थोड्याच दिवसांत बोल्टांमधून बाहेर येते. तेल सोसणारे नायट्राइल रबर वेगळे असते. दुकानात उन्हाळाभर पडून राहिलेले कॉर्कचे पॅकिंग आक्रसून भोके जुळत नसतील तर ते ताणू नये, तुटते. कोमट पाण्यात काही वेळ ठेवले की पुन्हा मूळ मापाजवळ येते. मग पुसून कोरडे करून बसवावे.

कॉर्कचे पॅकिंग झाकणाच्या बाजूला चिकटवाच्या पातळ थराने धरून ठेवता येते. हेडची बाजू कोरडी ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी झाकण सहज सुटेल. खाचेत बसणाऱ्या रबरी पॅकिंगला शेलॅक किंवा सीलंट काहीच नको; ते सगळ्या खाचेत पीळ न पडता बसले आहे एवढे पाहावे. सिलिकॉनचा सीलंट पुस्तकात सांगितलेल्या जागी, बहुधा दोन भागांचा सांधा मिळतो तिथे, ठिपक्यापुरता लावावा. जास्तीचा सीलंट आत सुटून तेलाच्या जाळीत अडकतो. नटांखालच्या रबरी वायसरही नव्या घालाव्यात, कारण जुन्या कडक वायसरखालून स्टडच्या बाजूने तेल येते आणि दोष पॅकिंगवर जातो.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत लावावेत, मग मध्यापासून टोकांकडे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला बहुतेक ठिकाणी 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर. पत्र्याच्या झाकणाखाली कॉर्क असेल तर त्याहूनही कमी. पॅकिंग कडेबाहेर फुगून आले तर जास्त आवळले गेले आहे आणि ते लवकरच फाटेल. ब्रीदरची नळी धुऊन, आतून हवा आरपार जाते हे पाहून लावावी. सीलंट वापरला असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ, पुष्कळदा पूर्ण 24 तास, इंजिन सुरू करू नये.

तेलाची पातळी डिपस्टिकवर पाहून इंजिन आधी मंद, मग कामाच्या वेगावर दहा मिनिटे चालवावे आणि कडेवरून स्वच्छ पांढरे कापड फिरवावे. कॉर्क पहिल्या तापण्याने थोडे दबते. म्हणून पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड झाले की बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा एकदा तपासावेत, सैल असतील तेवढेच आवळावेत. पुढचे आठ-दहा दिवस सकाळी डिपस्टिक पाहताना झाकणाच्या मागच्या कोपऱ्यावरही बोट फिरवावे, कारण उभ्या ट्रॅक्टरचा उतार मागे असला तर तेल तिथेच साचते आणि राहिलेली गळती प्रथम तिथे दिसते.